आधी थांबता येतं का ते बघा

इंग्लंडच्या खेड्यांत हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी अजूनही शिकारीचा ताफा निघतो. खोगिरं चकचकीत, स्वारांच्या गळ्यात ‘स्टॉक’ म्हणतात ते पांढरे कापडी पट्टे, कुत्र्यांचा कल्लोळ. फक्त पुढे पळणारं सावज म्हणजे ट्रॅकसूट घातलेला माणूस असतो. 2004 च्या हंटिंग अ‍ॅक्टनं इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी खोकडांची शिकार बंद झाली. कायदा 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू झाला. ब्लडहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या टोळ्या त्याआधीही माणसामागेच धावत होत्या, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

धावणाऱ्याला आधी सोडतात. मग पंधरा-वीस मिनिटांनी हंट्समन, म्हणजे कुत्री सांभाळणारा, कुत्र्यांना त्याच्या वासावर घालतो. बडीशेपेचं तेल वगैरे काही नाही, ते वासाचं फडकं ओढून माग तयार करणाऱ्या ड्रॅग हंटवाल्यांचं काम. ब्लडहाउंड माणसाच्या अंगाच्या वासावरच माग काढतो. हे नाक किती तल्लख, याचा लौकिक जुना आहे. 1888 मध्ये जॅक द रिपर या खुन्यानं लंडन हादरवलं, तेव्हा पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी बार्नाबी आणि बर्गो हे दोन ब्लडहाउंड मागवून बागांमध्ये त्यांची चाचणी घेतली. दोन चाचण्यांत तर आयुक्तसाहेब स्वतःच सावज झाले. रिपर मात्र सापडला नाही तो नाहीच.

आता घोड्याचं. खोकडाच्या शिकारीत माग हरवायचा, कुत्री घुटमळायची, घोड्यांना आपोआप दम मिळायचा. इथे धावणाऱ्याचा मार्ग शेतकऱ्यांशी बोलून आधीच ठरलेला असतो. त्यामुळे एकदा ‘लाइन’, म्हणजे मागाचा एक टप्पा, सुरू झाली की बराच वेळ घोडा भरधाव. दिवसाभरात अशा काही लाइन होतात, मधे विश्रांती असते, पण लाइनमध्ये नसते. वाटेत काटेरी झाडांची कुंपणं, ओंडके, चर. बहुतेक ठिकाणी बाजूनं फाटकातून जायची सोय असते. नवखे लोक नेमके तिकडे बघत नाहीत.

प्रस्तुत लेखिका घोडेस्वारी शिकली ती पुण्यात, वाळूच्या रिंगणात. रिंगणातला बांबू घोड्याचा पाय लागला की खाली पडतो. इंग्लंडातला ओंडका जमिनीत पुरलेला असतो, तो पडत नाही, पडायचं ते स्वारानं. भाड्यानं मिळालेला घोडा ‘स्वभावानं अगदी गरीब’ असल्याचं सांगितलं होतं, आणि उभा असेपर्यंत तो होताही. शिंग वाजलं तशी त्या गरिबाची पाठ धनुष्यासारखी ताणली. सगळा ताफा उतारावरून सुटला तेव्हा लगाम कितीही ओढला तरी घोडा आणखीच पुढे झुकत होता. हातमोजे चिखलानं बुळबुळीत झालेले, लगाम बोटांतून सरकत होता. पहिली दोन कुंपणं त्यानं स्वतःच्याच मर्जीनं पार केली. तिसऱ्याच्या तोंडाशी चिखल होता आणि पुढची घोडी ऐन वेळी अडली. मागून येणाऱ्या लेखिकेच्या घोड्याला थांबायला जागा नव्हती. तो तिरका उडाला आणि लेखिका त्याच्या मानेवरून थेट काट्यांत. हेल्मेटवर ओरखडे, मनगट सुजून टम्म. घोडा रिकिबी लोंबकळवत ताफ्याबरोबर पुढे निघून गेला. एका वयस्क बाईंनी लेखिकेच्याच गळ्यातला स्टॉक सोडून त्याची झोळी बांधली. तो कापडी पट्टा गळ्यात बांधायचा तो नुसत्या ऐटीसाठी नव्हे, अशा वेळेसाठीही.

ओंडका फार उंच नसतो, पण उंचीचा प्रश्न दुय्यमच. रिंगणात घोडा एकटा असतो आणि ऐकतो. कळपात तो कळपाचं ऐकतो. पुढचे पळताहेत म्हणजे काहीतरी धोका आहे, मागे राहायचं नाही, एवढंच त्याला कळतं. म्हणून तयारी उडीची नंतर, थांबण्याची आधी. चार-पाच ओळखीच्या स्वारांबरोबर मोकळ्या माळावर घोडा दौडवून बघा. बाकीचे पुढे जात असताना तुमचा घोडा दुडकीवर येतो का, उभा राहतो का? येत नसेल तर शिकारीला जायची घाई नको. घोड्याच्या मानेभोवती एक साधा पट्टा बांधा आणि उडीला तो धरा. लगामाला लोंबकळलात तर घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो आणि पुढच्या वेळी तो अडतो.

आणि अडलेला घोडा काय करू शकतो याचं उदाहरण सगळ्या जगानं पाहिलं आहे. 1995 च्या मे महिन्यात व्हर्जिनियात क्रॉस-कंट्री स्पर्धेत ‘सुपरमॅन’चा नट ख्रिस्तोफर रीव्ह याचा घोडा तिसऱ्या अडथळ्यापाशी अचानक थांबला. रीव्ह डोक्यावर पडला आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं झालं. त्यानं हेल्मेट घातलं होतं, छातीचं कवचही होतं. म्हणून ती वापरू नयेत असं नव्हे. पण हेल्मेट डोकं वाचवतं, मान वाचेलच याची हमी देत नाही. पडल्यावर हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदलायचं, यात कंजुषी नको.

ताफ्याच्या शिस्तीला कुणी शिष्टाचार म्हणून हसतं. खरं तर तो जीव वाचवण्याचा बंदोबस्त आहे. शेपटीला लाल फीत म्हणजे लाथ मारणारा घोडा, हिरवी म्हणजे नवखा, दोघांपासून लांब. स्वारांचं नेतृत्व करणाऱ्या फील्ड मास्टरच्या पुढे जायचं नाही. कुत्री जवळून जात असतील तर घोड्याचं तोंड त्यांच्याकडे, म्हणजे लाथ त्यांना लागणार नाही. घोडा अडला तर बाजूला होऊन रांगेच्या शेवटी. पुढचा पलीकडे उतरून निघून गेल्याशिवाय आपण सुटायचं नाही. वर सांगितलेली तिसऱ्या कुंपणाची गत एवढ्या एका नियमानं टळली असती.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच परका नाही. ब्रिटिश काळात पुणे-खडकीच्या छावणीतले अधिकारी विलायती फॉक्सहाउंड घेऊन घोड्यावरून कोल्ह्यांच्या मागे लागत. आजही शिकायला-नोकरीला इंग्लंडात गेलेल्या, इथल्या क्लबात रपेट शिकलेल्या मुलामुलींना या ताफ्याचा मोह पडतो. पडू दे. भाड्याचा घोडा घेताना मात्र तो देखणा आहे का हे विचारू नका. मागच्या हंगामात त्यानं किती वेळा ताफ्याबरोबर धाव घेतली, आणि फाटक आल्यावर तो शांत उभा राहतो का, हे विचारा. उत्तर देताना मालक चाचरला तर पैसे परत मागा.

हंगाम साधारण शरद ऋतूपासून मार्चपर्यंत चालतो. पहिल्या वेळी पायी जा, कुंपणांजवळ उभं राहून घोडे कुठे अडतात ते बघा. आणि धावायचा सराव असेल तर ताफ्याच्या प्रमुखाला, म्हणजे मास्टरला, भेटून सावज व्हायची तयारी दाखवा. ब्लडहाउंड चावत नाहीत. माग संपला की लाळेनं तोंड माखतात, एवढंच.