दुकानात मऊ, घरी आला की चावरा

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. रिसेप्शनच्या सुटावर घालायला लेदरचे काळे बूट घेतले. नेहमीचा आठ नंबर करंगळीला लागत होता म्हणून नऊ घेतला. दुकानात बरा वाटला, पण घरी तासाभरात टाच सोलवटली आणि करंगळीही दुखतेच आहे. आजोबा म्हणतात, कोल्हापुरीला लावतो तसं तेल लाव. लावू का?

उत्तर : कोल्हापुरीपुरतं आजोबांचं बरोबर आहे. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं; तेल त्यात मुरतं आणि पट्टे मऊ पडतात. तुमच्या बुटावर चकाकीचा थर आहे. तेलाने तो डागाळेल, पॉलिश नीट धरणार नाही, आणि टाच चावायची ती चावेलच. कारण टाचेमागच्या चामड्याच्या आत एक टणक तुकडा बसवलेला असतो, त्याला तेलाशी काही देणंघेणं नसतं.

खरी गोम नंबरात आहे. आपल्याकडे चालणारा नंबर इंग्रजी पद्धतीचा. एका नंबरात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण 8.5 मिलिमीटरचा फरक. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं. (आपल्याकडेही आठ यवांचं एक अंगुळ होतंच.) पण हा नंबर सांगतो ती लांबी. पाऊल रुंद असेल तर आठाचा नऊ करून भागत नाही. रुंदी जेमतेम वाढते, लांबी मात्र उगाच वाढते. मग पुढे करंगळी दबलेलीच राहते आणि मागे टाच वरखाली घासते. तुमचं नेमकं हेच झालंय.

खात्री करायची तर संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा, कुणाला तरी पेन्सिल फिरवायला सांगा आणि त्या रेघेवर बूट ठेवून बघा. रेघ बाजूने जराशीच बाहेर डोकावत असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तो लाकडी साचा घालून दोन दिवसांत थोडी रुंदी काढून देतो. चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला नाही. रेघ बरीच बाहेर असेल तर तळ मळायच्या आत बूट बदलून आणा. बदलताना डर्बी मागा. त्याच्या लेसच्या दोन्ही पाकळ्या वरून शिवलेल्या असतात, त्यामुळे त्या ऐसपैस उघडतात. ऑक्सफर्डच्या तशा उघडत नाहीत.

आणि एक सवय सोडा. लेस एकदाच बांधायची आणि पुढे महिनोन्‌महिने त्यातच पाय कोंबायचा! लेस पूर्ण सैल करा, शू-हॉर्न नसेल तर चमच्याचा दांडा टाचेमागे धरून पाय सरकवा, टाच मागे दाबून बसवा आणि मग खालून वर लेस आवळत या. नवे बूट जाड मोजे घालून रोज अर्धा तास घरातच वापरा.

फोड आला असेल तर फोडू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांनी असले प्रयोग करूच नयेत, जखम झालेली कळतही नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

लग्नाच्या आठवडाभर आधीही बूट चावत असतील तर सरळ जुनेच पॉलिश करून घाला. नवे मेहुण्यांना पळवायला ठेवा.