एका जुडीचा खरा खर्च: ५०० रुपयांत घरची भाजी आणि धंद्याचा पहिला धडा



"सर, गच्चीवर भाजी लावून विकली तर महिन्याला किती सुटतील?" हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. विचारणारे बहुतेक जण घरातून काहीतरी सुरू करू पाहणारे असतात. कोणाची नोकरी सुटलेली असते, कोणाला मुलं शाळेत गेल्यावर दुपारचे चार तास मिळतात, तर कोणी बचत गटात असतं. आणि प्रश्नाच्या मागोमाग बऱ्याचदा दुसरं वाक्य येतं: "दहा-पंधरा हजारांचा किट मिळतोय, घेऊ का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. किट आत्ता घेऊ नका. आधी ५०० रुपयांत चार क्रेट भाजी लावा, वहीत हिशोब लिहा आणि मेथीची एक जुडी तुम्हाला घरी कितीला पडते ते काढा. तो आकडा हातात आला की पुढचे दहा हजार घालायचे की नाही, घालायचे तर कशात, हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही. आजच्या धड्यात हेच करायचं आहे.

पायरी १: आधी ऊन मोजा

सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता गॅलरीत किंवा गच्चीवर जाऊन बघा, ऊन कुठे पडतं. मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना यांना तीन-चार तासांचं ऊन चालतं. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना सहा तास तरी लागतात. गॅलरीत तीनच तास ऊन येत असेल तर टोमॅटोचा विषय तिथेच बंद. दुकानासाठी जागा बघताना समोरून किती माणसं जातात हे आपण बघतो ना? तसंच हे.

सोसायटीची गच्ची असेल तर आधी परवानगी घ्या. ओल्या मातीचं वजन बरंच असतं, म्हणून क्रेट गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेला, विटांवर ठेवा. खालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डास होतात.

पायरी २: ५०० रुपयांचं बजेट

भाव गावागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे उदाहरणापुरते धरा आणि त्यांच्या जागी तुमच्या बाजारातले लिहा.

- भंगारवाल्याकडचे किंवा फळवाल्याकडचे ४ जुने क्रेट, प्रत्येकी ३० रुपये: १२० रुपये
- माती आणि शेणखत: १२० रुपये
- बी: ५० रुपये
- निंबोळी तेलाची छोटी बाटली: ६० रुपये

एकूण ३५० रुपये. उरलेल्या १५० ला हात लावायचा नाही. बी उगवलं नाही, पावसानं पीक झोडपलं, माती कमी पडली, तर हेच पैसे कामाला येतात. धंद्यात याला खेळतं भांडवल म्हणतात. सगळे पैसे पहिल्याच दिवशी वस्तूंमध्ये अडकवले की तिसऱ्या आठवड्यात गाडी अडते.

क्रेटच्या आत जुनी गोणी अंथरा, म्हणजे माती गळणार नाही आणि जास्तीचं पाणी निघून जाईल. तेलाचा डबा किंवा जुनी बादली असेल तर तळाला भोकं पाडा. ज्या डब्यात रसायन किंवा औषध होतं, तो मात्र फुकट मिळाला तरी भाजीला वापरू नका.

पायरी ३: पैसा मातीत घाला, कुंडीत नको

रंगीत कुंडीमुळे मेथी जास्त येत नाही, चांगल्या मातीमुळे येते. एक घमेलं माती, एक घमेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक घमेलं चुरलेला वाळका पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा भुसा, असं मिश्रण करा. देशावरची काळी माती पाणी घातलं की घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तिच्यात पालापाचोळा जास्त घाला. पालेभाजीला पाच-सहा इंच माती पुरते. क्रेट काठोकाठ भरायची गरज नाही.

खत दर वेळी विकत आणलं तर हिशोब कधीच बसणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक भोकं पाडलेली बादली बाजूला ठेवा. तळाला वाळका पाला, वर भाजीची देठं आणि सालं, पुन्हा पाला, असे थर द्या. अधूनमधून थोडं आंबट ताक शिंपडा. वास यायला लागला तर ओल जास्त झाली समजा आणि आणखी वाळका पाला घाला. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं.

हे फक्त घरापुरतंच चालतं असं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये त्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. तिथला कच्चा माल होता स्वयंपाकघरातला रोजचा ओला कचरा. उद्योजकाने यातून घ्यायची गोष्ट ही: ज्याची विल्हेवाट लावायला लोकांना त्रास होतो, तो तुमचा सगळ्यात स्वस्त कच्चा माल असू शकतो. रस्त्याकडेचा पालापाचोळा, रसवंतीचं चिपाड, शहाळेवाल्याकडच्या शेंड्या. फक्त विचारायचा अवकाश!

पायरी ४: बी आधी तपासा

मेथी आणि धने स्वयंपाकघरातलेच चालतात. पण डब्यातलं बी किती जुनं आहे, कोणाला माहीत? म्हणून मेथीचे दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन-तीन दिवसांत दहापैकी सात-आठांना मोड आले तर बी चांगलं. चारच आले तर दुसरं आणा. माल भरण्याआधी नमुना तपासायची ही सवय पुढे प्रत्येक धंद्यात लागते.

मेथी पेरताना ती सहा-आठ तास भिजवा. एका क्रेटला एक मोठा चमचा दाणे पुरतात. वर अर्धा इंच माती पसरा. धने पेरण्याआधी लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करा आणि रात्रभर भिजवा. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तेव्हा घाबरून माती उकरू नका. मेथी महिन्याभरात काढायला येते, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. पालकाची बाहेरची पानं कापत राहिलं तर तो पुन्हा पुन्हा येतो. पुदिन्याला बी लागत नाही, बाजारातल्या जुडीची चार जाड देठं खोचली तरी लागतात. लसणाची पात हवी असेल तर पाकळ्या टोचा.

पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मावा दिसला तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारा.

ऋतूही सांभाळा. मेथी, पालक, कोथिंबीर यांना दिवाळीनंतरची थंडी मानवते. कडक उन्हाळ्यात कोथिंबिरीला लवकर फुलोरा येतो, तेव्हा माठ, चवळी, भेंडी बरी. पावसाळ्यात आडोसा नसेल तर मेथी सडते. त्या दिवसांत अळू लावा, दोडका किंवा कारल्याचा वेल चढवा.

आणि चारही क्रेट एकाच दिवशी पेरू नका. दर आठवड्याला एक पेरा. नाहीतर महिन्याच्या शेवटी चार जुड्या एकदम आणि पुढे महिनाभर काही नाही. धंद्यातही पैसे असेच टप्प्याटप्प्याने येत राहिले पाहिजेत.

पायरी ५: आता वही उघडा

साधारण दोन चौरस फुटांच्या क्रेटमधून मेथीची एक मध्यम जुडी निघते. हिवाळ्यात तीन वेळा पेरलं तर चार क्रेटच्या झाल्या १२ जुड्या. खर्च ३५० रुपये. म्हणजे पहिल्या हंगामात एक जुडी पडली सुमारे २९ रुपयांना. आणि मंडईत हिवाळ्यात ती २० रुपयांना मिळत असेल तर?

इथे पुष्कळ जण निराश होतात. थांबा, दुसऱ्या हंगामाचा हिशोब करा. क्रेट आहेत, माती आहे, खत बादलीत तयार आहे. नवा खर्च फक्त बी आणि तेल, ११० रुपये. जुडी पडली ९ रुपयांच्या आसपास. घरी खायला हा सौदा उत्तम आहे. ताजी भाजी, स्वतः पिकवलेली, निम्म्याहून कमी खर्चात.

पण विकायची असेल तर आपला वेळही धरायला हवा. रोज दहा मिनिटं, शंभर दिवस, म्हणजे सोळा-सतरा तास. १२ जुड्या २० रुपयांनी विकल्या तर २४० रुपये आले, ११० खर्च वजा जाता १३० उरले. तासाला जेमतेम ८ रुपये! आता सांगा, या हिशोबावर पंधरा हजारांचा किट कधी वसूल होणार?

"पण सर, भाव वाढले की?" जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता, हे सगळ्यांना आठवतं. काही आठवड्यांत तोच भाव कोसळला, हे कमी जणांना आठवतं. भाव बघून त्या दिवशी बी पेरलं तर टोमॅटो हातात यायला तीन महिने लागतात. चढ्या भावावर धंद्याचा आराखडा कधीच मांडू नका. नेहमीच्या भावात जे टिकतं, तेच करा.

पायरी ६: त्याच जागेत काय विकता येईल?

जागा तीच ठेवा, माल बदलून बघा. रोपांचा ९८ खणांचा एक ट्रे दोन चौरस फुटांहून कमी जागेत बसतो. त्यात टोमॅटो आणि वांग्याची रोपं चार-पाच आठवड्यांत तयार होतात. मिरचीला थोडे जास्त दिवस लागतात. ट्रे, भुसा आणि बी मिळून १४० रुपये धरा. ९८ पैकी ७० रोपं चांगली आली, त्यातली ५० गेली, प्रत्येकी ६ रुपयांना. आले ३००, उरले १६०. असे चार ट्रे असतील तर ६४०. रोज पंधरा मिनिटं, पस्तीस दिवस, म्हणजे पावणेनऊ तास. तासाला ७० रुपयांच्या आसपास.

हेही फार मोठे पैसे नाहीत, मला मान्य आहे. पण तितक्याच जागेत, त्याच उन्हात, ८ चे ७० झाले. का? कारण मेथीची जुडी मंडईत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. चांगलं उगवलेलं, हातात धरून दिलेलं, "हे दक्षिणेकडच्या गॅलरीत ठेवा, रोज पाणी नको" असं सांगून दिलेलं रोप मिळत नाही. गिऱ्हाईक पैसे त्या माहितीचे देतं. आणि ती माहिती तुमच्याकडे येते तुमच्या चार क्रेटमधून.

फक्त एक अट आहे: २०० रोपं घेणारी माणसं आहेत का, हे आधी बघा. सोसायटीच्या ग्रुपवर, बचत गटात, मुलांच्या शाळेतल्या पालकांत विचारा. दहा जणांनी प्रत्येकी पाच रोपांचे पैसे आगाऊ दिले तर एक ट्रे लावा. नुसतं "हो हो, घेऊ" म्हणाले तर थांबा. आगाऊ दिलेले ३० रुपये हे शंभर लाइक्सपेक्षा खरं उत्तर असतं. आणि रोपवाटिका मोठी करायची वेळ आली की परवान्याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधी करा, मगच पैसे घाला.

या आठवड्याचा गृहपाठ

एक शंभर पानी वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, काय केलं, किती खर्च, किती मिनिटं, किती माल निघाला. बादली फुटली तरी लिहा, शेजारच्या काकूंना जुडी फुकट दिली तरी लिहा. फुकट दिलेली जुडी म्हणजे नमुना. काकूंनी परत मागितली का, तेही पुढे लिहा.

शंभर दिवसांनी तीन प्रश्नांची उत्तरं त्या वहीतून काढा. माझी एक जुडी कितीला पडली? माझ्या एका तासाचे किती सुटले? आणि लोकांनी माझ्याकडे न विचारता कोणती गोष्ट मागितली: भाजी, रोप, खत की सल्ला? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तुमचा धंदा सापडण्याची शक्यता जास्त आहे.

आणि समजा नाहीच सापडला, तरी ५०० रुपयांच्या आत तुम्ही खर्च काढायला, नमुना तपासायला आणि आगाऊ ऑर्डर मागायला शिकलात. वर घरात ताजी मेथी आहेच. तेव्हा आज रात्री मेथीचे दहा दाणे फडक्यात बांधा. सुरुवात तिथूनच आहे.