पैसे विमा कंपनीचे, गाडी तुमची

प्रश्न : खंबाटकी घाट उतरताना माझी कार कठड्याला धडकली. विमा कंपनीने सुचवलेल्या साताऱ्यातल्या गॅरेजात कॅशलेसवर काम झालं. गाडी घरी आणल्यापासून ती डावीकडे ओढते आणि पुढचा डावा टायर आतल्या बाजूने झिजलाय. गॅरेजवाले म्हणतात, ‘सर्व्हेअरने मंजूर केलं तेवढंच केलं.’ कंपनी म्हणते, ‘आम्ही बिल भरलं, काम त्यांचं.’ दाद कुणाकडे मागू?
– एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : दोघांकडेही मागा, आणि एकाच तक्रारीत मागा. वेगवेगळे भांडलात, तर दोघं तुम्हाला असेच एकमेकांकडे पाठवत राहतील.

‘बिल कंपनीने दिलं, मग तुम्ही आमचे ग्राहक कसे?’ हा गॅरेजचा पवित्रा टिकणारा नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या कलम 2(7) मध्ये पैसे मोजणाऱ्याबरोबरच, त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक धरला आहे. शिवाय पॉलिसीतली सक्तीची कपात आणि, झिरो डेप नसेल तर, प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत तुमच्याच खिशातून गेली असणार. इंग्लंडमध्ये 1968 साली हाच वाद लिव्हरपूलच्या एका खटल्यात आला होता. बिल विमा कंपनी भरणार होती आणि गॅरेजने पाच आठवड्यांच्या कामाला आठ आठवडे लावले. तिथल्या न्यायालयाने मालकाचाही गॅरेजशी स्वतंत्र करार मानला आणि भाड्याच्या गाडीचा खर्च त्याला मिळवून दिला.

विमा कंपनीचं उत्तरदायित्व मात्र कागद बघूनच ठरेल. गॅरेजचं इस्टिमेट, सर्व्हेअरचा अहवाल आणि अंतिम बिल या तिन्हींच्या प्रती लेखी मागा आणि शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. समजा, इस्टिमेटमध्ये डावा लोअर आर्म बदलायचा होता आणि सर्व्हेअरने तो खोडून ‘रिपेअर’ लिहिलं, तर कंपनीला हात झटकता येणार नाहीत. बदलायला मंजुरी होती, बिलातही नवा भाग लावलाय, पण गाडीत जुनाच बसलाय, तर दोष सरळ गॅरेजचा. तिथे कंपनीही फसलेलीच असते आणि बहुधा तुमच्या बाजूने उभी राहते. तो भाग कुणी उघडूनच पाहिला नसेल, तरी सुटका नाही. आत आणखी काही वाकलंय असं वाटलं, तर सर्व्हेअरला पुन्हा बोलावून वाढीव इस्टिमेट देणं हे गॅरेजचंच काम होतं. गॅरेज कंपनीने सुचवलं होतं, हा मुद्दाही तक्रारीत जरूर घाला. त्याचा मेसेज किंवा ईमेल असेल तर जोडा.

गाडी लगेच दुसरीकडे दुरुस्त करून घेऊ नका, पुरावा जाईल. आधी दुसऱ्या ठिकाणी व्हील अलाइनमेंट मशीनवर लावून छापील रिपोर्ट घ्या. त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर असू द्या. कॅम्बर, टो यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेबाहेर असले, तर ते तुमच्या दहा पानी तक्रारीपेक्षा जास्त बोलतील. टायरचे फोटो काढा. मग दोघांनाही लेखी कळवून फेरतपासणी मागा.

तोवर ही गाडी चालवू नका, हे मी कळकळीने सांगतो. उद्या तिने कुणाला ठोकरलं, तर पहिला जाब मालकाला विचारला जातो. यांत्रिक दोषाची सबब सांगणाऱ्या मालकानेच योग्य काळजी घेतली होती आणि तरीही दोष लपून राहिला हे सिद्ध करायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच एका ट्रक अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. तुम्हाला तर दोष माहीत झालाय.

तक्रारीसाठी साताऱ्याला खेपा घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल होते, ऑनलाइनही. मुदत दोन वर्षांची आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. पुण्याचा विमा लोकपाल फक्त कंपनीविरुद्ध ऐकतो, गॅरेजविरुद्ध नाही. आयोगात प्रकरण सुरू असताना तिथे जाता येत नाही. तुमच्या बाबतीत मी आयोगच निवडेन.

गाडी ताब्यात घेताना तुम्ही ‘सॅटिसफॅक्शन व्हाउचर’वर सही केली असेल. त्याने घाबरून जाऊ नका. चालवल्याशिवाय न कळणाऱ्या दोषावर त्या सहीने पांघरूण पडत नाही. पण फेरदुरुस्तीनंतर तो कागद पुन्हा पुढे येईल, तेव्हा आधी महामार्गावर गाडी पळवून बघा. ट्रायल देत नसतील, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘गाडी चालवून पाहू दिलेली नाही.’ आणि त्या पानाचा फोटो तिथेच काढून ठेवा.