‘मान्य नाही’ एवढंच लिही

अगं, काल फोनवर तुझा गळा दाटून आला तेव्हाच सांगणार होते, पण तू गाडी चालवत होतीस. म्हणून लिहिते. दोघं मिळून वाचा.

शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमनं, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या चमूनं, तुझ्या मुलाबद्दल रिपोर्ट दिला, म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ नव्हे. त्या बायका वाईट नसतात. पण त्या शाळेच्या डिस्ट्रिक्टच्या पगारावर असतात, एका सकाळी तासभर मूल बघतात, आणि त्यांचंही चुकू शकतं हे इथल्या कायद्यानंच गृहीत धरलंय. १९७५ साली अमेरिकेत हा कायदा झाला, १९९० पासून त्याला ‘आयडिया’ म्हणतात. शाळेनं केलेलं इव्हॅल्युएशन पालकांना पटलं नाही, तर शाळेत नोकरी न करणाऱ्या तज्ज्ञाकडून ते नव्यानं करून घ्यायचा हक्क त्यात आहे. खर्च डिस्ट्रिक्टचा.

माझ्या धाकट्याच्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सहा वर्षांचा होता. रिपोर्टात एक ओळ होती : चित्रातली वस्तू ओळखता आली नाही, अर्थहीन आवाज काढला. मी त्याला जवळ घेऊन विचारलं, “बाईंनी काय दाखवलं होतं रे?” म्हणाला, “किसणी.” रोज माझ्याशेजारी बसून गाजर किसणारं पोर ते! बरोबर उत्तर दिलं होतं त्यानं, फक्त मराठीत. आणि मी सही करून आले होते. ती सही मला आजही टोचते.

तेव्हा रिपोर्ट वाचताना पहिल्यांदा हे बघ, चाचणी कुठल्या भाषेत घेतली. मुलाची खरी कुवत ज्या भाषेत कळेल त्या भाषेत, जमण्यासारखं असेल तोवर, चाचणी घ्यायला हवी. एकाच चाचणीच्या आकड्यावर निर्णय देता येत नाही. न्यू जर्सीत हा रिपोर्ट पात्रता ठरवायच्या मीटिंगच्या निदान १० दिवस आधी हातात मिळायला हवा. मीटिंगच्या टेबलावर पहिल्यांदा समोर ठेवला, तर वाचायला वेळ माग. आणि हजेरीची सही वेगळी, संमतीची वेगळी. कशाखाली सही करतेस ते वाचल्याशिवाय पेन उचलू नकोस.

आता पत्र. केस मॅनेजरला ईमेल कर, स्पेशल एज्युकेशनच्या डायरेक्टरलाही पाठव. दोन ओळी पुरेत : अमुक तारखेचं इव्हॅल्युएशन आम्हाला मान्य नाही, डिस्ट्रिक्टच्या खर्चानं स्वतंत्र इव्हॅल्युएशन हवं आहे. कारण लिहायचं नाही. ते विचारतील, गोड बोलून विचारतील. विचारायची त्यांना मुभा आहे, पण कारण सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही असं म्हणता येत नाही. आपल्याकडच्या बायकांना इथेच संकोच होतो. मास्तरांना ‘पटलं नाही’ म्हणायची सवयच नाही आपल्याला. पण हा उद्धटपणा नव्हे गं.

पत्र पोचलं की त्यांच्यापुढे दोनच वाटा. एक तर खर्च करा, नाहीतर आपलं इव्हॅल्युएशन योग्य होतं हे दाखवायला स्वतः सुनावणी मागा. न्यू जर्सीत ती २० दिवसांत मागावी लागते. ‘बघू’, ‘पुढच्या वर्षी’ ही उत्तरं कायद्यात बसत नाहीत. सुनावणीच्या नावानं घाबरू नकोस. आपल्या राज्यात २००८ पासून शाबित करायचा भार डिस्ट्रिक्टवर आहे.

तज्ज्ञांची यादी ते देतील. ती घे, पण त्यातलाच निवडायला हवा असं नाही. त्यांच्या तज्ज्ञांना लागू असलेल्या पात्रतेच्या अटी तुझ्या तज्ज्ञानं पूर्ण केल्या की झालं. मात्र शाळेच्या एका इव्हॅल्युएशनमागे असं फुकट इव्हॅल्युएशन एकदाच मिळतं, म्हणून माणूस नीट निवड. आपल्या मंडळातल्या आयांना विचार, लाजू नकोस. आणि आधी स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर भरून मोकळी होऊ नकोस. तसा रिपोर्टही शाळेला विचारात घ्यावाच लागतो, पण पैसे परत मिळवताना दमछाक होते.

नव्या रिपोर्टातलं सगळं शाळा मान्य करेलच असं नाही. पण तो बाजूला सारून त्यांना मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यासाठीचा शिक्षणाचा आराखडा, ठरवता येत नाही. माझ्या लेकाला दुसऱ्या वेळी स्पीच थेरपी मिळाली ती अशाच एका रिपोर्टामुळे.

व्हिसाची धास्ती मनातून काढ. हक्क मुलाचा आहे, पासपोर्ट कुठला हे त्यात बघत नाहीत. सासूबाई म्हणतील, त्याचा बापही उशिराच बोलला होता. ऐकून घे आणि पत्र पाठव.

कॉरिडॉरमध्ये जे बोलणं होईल ते त्याच संध्याकाळी ईमेलमध्ये लिहून पाठव, आणि प्रत्येक कागद तारीख घालून फायलीत लाव. पत्राचा मसुदा झाला की मला दाखव. शुक्रवारी मी दिवसभर घरीच आहे.