लॅपटॉप बायोसमध्ये जात नसेल तर

बिद्रीत ऊसबिलावर कापड उधार जाते. कुणाचे किती येणे, सारे आम्ही लॅपटॉपवर मांडतो. गेल्या हंगामात रोज सकाळी त्यातली तारीख मागे पडू लागली. पावत्यांवर जुनी तारीख, बँकेचे पानही उघडेना.

जाणकार म्हणाला, बायोसमधली तारीख पाहा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा यंत्राचा मूळ बंदोबस्त. चालू करताच डेल, एसरला बहुधा एफ-२, एचपीला एफ-१० दाबायचे. आम्ही दाबून दमलो. दर वेळी विंडोजच हजर.

खोट बटणात नव्हती. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आले. 'शट डाउन' केले तरी यंत्र पुरते बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि चटकन उठते. बटण दाबायला उसंतच नाही. म्हणून शिफ्ट दाबून धरून 'रिस्टार्ट' निवडावे. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. फार जुन्या यंत्रात हा शेवटचा पर्याय नसतो, तिथे बटणच. एफ-२ ने आवाज किंवा उजेड बदलत असेल तर सोबत एफएन दाबावे.

बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवावी. बायोसमध्ये फेरफार झाला की विंडोज ती मागू शकते. नसेल तर सारी उधारी कुलपात!

आत तारीख मागेच होती. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता. तो बदलला. चुकीच्या तारखांच्या पावत्या मात्र अजून वहीवरून जुळवतो आहोत.