अर्धी वाकळ शेजारणीला दाखवा

दिवाळी झाली की आमच्या दवाखान्यातील गर्दीचे रूप बदलते. बीड जिल्ह्यातील लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. मग बाकावर आजीबाईंची रांग लागते. बहुतेकींची तक्रार एकच असते : "डॉक्टर, अंग लई दुखतंय. एक सुई द्या."

अशाच एक मावशी काही वर्षांपूर्वी दर बाजारच्या दिवशी येत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. वय साठीच्या पुढे. पती वारलेले, दोन्ही मुले सुनांसह फडावर. पाठ दुखते, डोके दुखते, झोप नाही, जेवण जात नाही. मी रक्त तपासले, रक्तदाब पाहिला, शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चार वेळा सुईही टोचली. फरक पडला नाही. पाचव्या वेळी मी जो प्रश्न विचारला तो खरे तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ती चूक माझी.

मी विचारले, "मावशी, दिवसभर काय करता?"

"काय करू? दोन भाकरी थापायच्या अन् भिताडाकडं बघत बसायचं."

"आणि आधी काय करत होता?"

"वाकळा शिवायची. एक अर्धी पडलीय पेटीत. म्हाताऱ्याच्या धोतराची हाय."

"मग ती काढा की बाहेर."

मावशी म्हणाल्या, "कामून? कुणाला दावायची?"

त्या तीन शब्दांत रोगाचे निदान होते. शिवायला हात होते, कापड होते, वेळही होता. बघणारे कोणी नव्हते. मी म्हणालो, "पुढच्या बाजारी मला दाखवायला आणा. पुरी करू नका, जेवढी होईल तेवढीच आणा."

त्यांनी आणली. आठवड्यात चार बोटे रुंदीचा पट्टा शिवून झाला होता. मी पाहिली, पण मला त्यातले काय कळणार? बाकावरच्या बायांना मात्र कळले. एकीने टाका हाताने चाचपला. दुसरीने काठ कुठल्या लुगड्याचा ते विचारले. तिसरी म्हणाली, "आत कापड सरकलंय बघा, कोपऱ्याला धोंडा ठिवा." पुढच्या बाजारी आणखी दोघींनी आपापल्या वाकळा आणल्या. महिनाभरात दवाखान्याचा बाक सुटला आणि मंडळी एकीच्या ओसरीवर दुपारी बसू लागली. मावशींचे गुडघे आजही दुखतात, रक्तदाबाची गोळी चालूच आहे. पण झोप लागते, भाकरी जाते आणि दर आठवड्याची सुई त्यांनी सोडली. एका सुईची जागा दुसऱ्या सुईने घेतली.

असे का होते?

आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा अंगदुखी होऊन बोलते. "मन उदास आहे" असे कोणी सांगत नाही. "डोकं जड झालंय" असे सांगतात. उदास माणूस कामे सोडतो, कामे सुटली की दिवस रिकामा जातो, आणि रिकाम्या दिवसात उदासी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी रोज ठरवून एखादे लहान काम करायला लावणे, ही नैराश्यावरची मान्य उपचारपद्धती आहे. वाकळ या कामी फार सोयीची. तिला घाई नाही, खर्च नाही, आणि रोज किती झाले ते डोळ्यांना दिसते. हात एका लयीत चालू असले की दुखण्याकडे लागलेले लक्षही काही काळ दुसरीकडे वळते.

हाताच्या कामाने रुग्ण सुधारतो, हे आपल्या राज्याला नवे नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते.

विलायतेतील संशोधकांनी ३१ देशांतील ३,५४५ विणकाम करणाऱ्यांना प्रश्न विचारले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे वारंवार विणतात त्यांना अधिक शांत व आनंदी वाटते, आणि चारचौघांत बसून विणणाऱ्यांना इतरांशी बोलणे-मिसळणेही सोपे जाते, असे आढळले. अर्थात ही विणकामाची आवड असलेल्यांनी स्वतःच दिलेली उत्तरे आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० ते ९० वर्षांच्या लोकांपैकी काहींना तीन महिने छायाचित्रण, काहींना गोधडी शिवणे, तर काहींना दोन्ही शिकवले. काही जण फक्त गप्पागोष्टींसाठी जमत. नवे काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. हा फायदा छायाचित्रण शिकणाऱ्यांत ठळक होता, नुसती गोधडी शिवणाऱ्यांत कमी. म्हणून गोधडीने विसराळूपणा जातो असा दावा मी करणार नाही. पण नुसत्या गप्पांपेक्षा गप्पांबरोबर हाताला काही नवे शिकवणे बरे, एवढे त्यातून घेता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला एकाकीपणा जाणवतो. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून दोघी-दोघी दळत आणि मनातले ओवीत सांगत. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण सांगण्याची जागाही गेली. ती कुठेतरी पुन्हा करायला हवी.

मंडळी कशी जमवावी?

१) चार-सहा जणी पुरेत. वार आणि वेळ ठरवा. दुपारी दोन ते चार, एकीची ओसरी.

२) पूर्ण झालेलीच वस्तू आणावी असा नियम नको. उलट अर्धी, चुकलेली, उसवलेली आणा. पुरी झालेली वाकळ सगळे जण पाहतात. अर्ध्या वाकळेला बघणारे माणूस लागते.

३) दुसरीचे काम पाहताना आधी चांगले दिसले ते बोला. सल्ला तिने विचारला तर द्या. "माझी सून याहून बारीक टाका घालते" असे म्हणालात की पुढच्या वेळी ती येणार नाही.

४) शर्यत लावू नका. एखादीची आठवड्यात एकच ओळ झाली, तरी ती ओळ बघा.

५) एखादी दोन वेळा आली नाही तर तिच्या घरी जाऊन या. याच कामासाठी तर मंडळी आहे.

पुरुषांनीही मागे राहू नये. बाज विणणे, अंबाडीची दोरी वळणे ही कामे मारुतीच्या पारावर बसून होऊ शकतात. पत्ते कुटण्यापेक्षा ती बरी.

काम करताना ही काळजी घ्या

जुने कापड आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. खरूज झालेल्या माणसाचे न धुतलेले कपडे घेऊ नका. दमेकऱ्यांनी धुळकट चिंध्या झटकू नयेत. भिंतीला पाठ टेकून बसा, वाकळ मांडीवर ओढून घ्या आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसते. सुईत दोरा ओवता येत नसेल तर डोळे तपासून घ्या. चष्म्याचे काम असेल किंवा मोतीबिंदूचे. मधुमेह असणाऱ्यांच्या बोटांची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यांनी बोटात टोपण घातल्याशिवाय सुई धरू नये. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबत असेल. काम थांबवून डॉक्टरांना दाखवा. सुया मोजून डबीत ठेवा, घरात लहान मुले असतात.

वाकळ केव्हा पुरत नाही?

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक गेली, आवडीचे कामही नकोसे झाले किंवा "आता जगून काय करायचं" असे बोलणे तोंडी आले, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. अशा माणसाला एकटे सोडू नका आणि घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवा. मंडळीत बसणाऱ्या शेजारणीला हा बदल घरच्यांच्याही आधी दिसतो. दिसला तर गप्प बसू नका.

मावशींची धोतराची वाकळ पुढे पुरी झाली. मुले फडावरून परतली तेव्हा ती त्यांच्या अंगावर पडली. दवाखान्यात दाखवायला मात्र त्यांनी ती आणली नाही. निरोप पाठवला, "डॉक्टरांना म्हणावं, आता दुसरी घेतलीय. ती अर्धी झाली की आणते."

तुमच्या पेटीत काय अर्धे पडले आहे? या आठवड्यात ते बाहेर काढा आणि शेजारच्या ओसरीवर घेऊन जा.