चुकीचं उत्तर देता येईल असा वर्ग



आनंददायी वर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोलक्या भिंती, तक्ते, तोरणं येतात. हे सगळं हवंच. पण मूल वर्गात निर्धास्त आहे का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. मुलाचं उत्तर चुकलं की पुढच्या पाच-दहा सेकंदांत वर्गात काय होतं ते पाहा. मुलं हसतात का? बाई "बस खाली" म्हणतात का? की "बरं, कसं काढलंस सांग" म्हणतात?

भीतीचा अभ्यासाशी संबंध काय?

उदाहरण सोडवताना मुलाला आकडे, हातचा, पुढची पायरी हे सगळं एकाच वेळी मनात धरावं लागतं. मनातली ही जागा फार थोडी असते. "चुकलं तर सगळे हसतील" ही धास्ती तीच जागा अडवते. मग येत असलेलं उदाहरणही चुकतं. "घरी सगळं येतं, शाळेत गेल्यावर विसरतो" ही पालकांची तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे. छडीबद्दल आता सगळेच जागरूक आहेत. पण "ढ", "तुझी बहीण बघ किती हुशार" असे टोमणे अजून सहज तोंडात येतात. त्यांचा वळ दिसत नाही, एवढाच फरक.

वर्गात काय करता येईल?

1) प्रश्न विचारून थांबा. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या निरीक्षणात पाहिलं, की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. मनातल्या मनात तीन अंक मोजा, खर्च काहीच नाही.

2) चुकीचा माग काढा. 52 − 27 चं उत्तर एखादं मूल 35 लिहितं. "लक्ष कुठंय?" असं विचारून हाती काही लागत नाही. "कसं केलंस?" विचारलं की ते सांगतं, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे त्याला वजाबाकी येते, लहान अंक मोठ्यातून वजा करायचा एवढंच त्यानं पक्कं धरलंय. आता दशकाचा एक गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या करून दाखवा. मूल स्वतःच 25 वर येईल. चूक ऐकून घेतली म्हणजे चूक चालवून घेतली असं नाही. तास संपताना बरोबर उत्तर फळ्यावर असलंच पाहिजे.

3) हसण्याबद्दलचा नियम मुलांनीच ठरवू दे. जूनमध्येच विचारा, "आपलं चुकल्यावर बाकीच्यांनी काय केलेलं आवडेल?" मुलं फार शहाणी उत्तरं देतात. तेच कागदावर लिहून लावा आणि तो नियम आपणही पाळा.

4) घरची बोली आधी ऐका. "पानी पेऊन येऊ का?" असं मूल म्हणालं, तर शब्द दुरुस्त करण्यात त्याची तहान अडवू नका. "हो, पाणी पिऊन ये" एवढं म्हटलं की परवानगीही मिळते आणि प्रमाण रूपही कानावर पडतं.

5) परत आलेल्या मुलाची जागा राखून ठेवा. बीडसारख्या जिल्ह्यांतली कित्येक मुलं दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलाला सगळ्यांसमोर "इतके दिवस कुठं होतास?" विचारू नका. त्याची वही, त्याची जागा, त्याचा जोडीदार तयार ठेवा. पहिला आठवडा त्याला काय येतं ते शोधा. मोळी, गाडी, कारखान्याचा काटा, टन हे शब्द त्यानं रोज ऐकलेले असतात. त्यातूनच वजनाचा पाठ सुरू केला, तर मागे पडलेलं तेच मूल त्या दिवशी वर्गाला शिकवतं. मात्र सांगायचं की नाही, हे त्याच्या मनावर सोडा.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात काम करताना, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली. तीच कुरणशाळा. मुलाच्या जगण्याकडे शाळा चार पावलं चालत गेली.

"पण धाक नसला तर वर्ग आवरत नाही!"

हा प्रश्न अगदी रास्त आहे, विशेषतः दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकांचा. शिस्त हवीच. पण ती रोजच्या ठरलेल्या क्रमातून येते. आल्यावर काय करायचं, काम लवकर संपलं तर काय घ्यायचं, भांडण झालं तर कोणाला सांगायचं हे ठरलेलं असलं की मुलं शांत राहतात. धाकाने मिळालेली शांतता शिक्षक दारातून बाहेर पडताच संपते.

पालकांसाठी दोन शब्द

संध्याकाळी "किती मार्क पडले?" याआधी "आज कोणता प्रश्न विचारलास?" हे विचारून बघा. पाहुण्यांसमोर मुलाच्या चुका सांगून हसू नका. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखत असेल किंवा बोलकं मूल अचानक गप्प झालं असेल, तर "नाटकं करतोय" म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा आणि शिक्षकांना एकांतात भेटा. कधी कारण साधंच निघतं, फळा नीट न दिसणं किंवा कमी ऐकू येणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला शाळेत येतं, तेव्हा अशा मुलाचं नाव आवर्जून पुढे करा.

उद्या वर्गात गेल्यावर एवढंच करून पाहा. कधीच हात वर न करणाऱ्या मुलांची नावं एका कागदावर लिहा. यादीतल्या एकाला रोज एक सोपा प्रश्न विचारा, तीन सेकंद थांबा, आणि जे उत्तर येईल ते पूर्ण ऐका. महिन्याभराने यादी किती उरली ते कमेंटमध्ये नक्की कळवा.